डोळ्यांविना गवळण

महाराष्ट्र नवा होता आणि मंडळं निघण्याचे दिवस होते. मेहकरात तेव्हा खेळणी संग्राहक मंडळ निघालं. खेळणी काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणारी प्रतिष्ठित माणसं त्याची सभासद होती; त्यांच्या घरची मुलं चिंचोक्यांनी खेळत. मंडळाने वार्षिक मेळाव्यात रंगवण्याची स्पर्धा ठेवली. प्रत्येकाला भाजलेल्या मातीची एक कोरी गवळण, वेळ एक तास. स्पर्धा सर्वांसाठी खुली होती. बाहेरचं कोणी येणार नाही, या भरवशावर खुली.

डोणगावचा तुळशीराम कुंभार आला. सोबत मुलगा इंद्रभान.

तुळशीरामची बायको रुख्मिणी वारल्यापासून त्याच्या घरातून एकही बाहुली बाहेर पडली नव्हती. काम दोघांचं होतं. तो बाहुली घडवी, भट्टीत भाजी, लुगडं-चोळी रंगवी आणि पाटावरून डावीकडे सरकवी. डावीकडे रुख्मिणी बसे. ती डोळे काढी. तोवर तुळशीरामच्या हातात पुढची बाहुली आलेली असे. त्यामुळे उभ्या संसारात त्याने बायकोला डोळा काढताना एकदाही पाहिलं नव्हतं. आता फळीवर आंधळ्या बाहुल्या वाढत चालल्या होत्या. काजळीचा कुंचला तो त्यांच्या चेहऱ्यापर्यंत नेई आणि धुऊन ठेवी.

इंद्रभानला भट्टीच्या जागी पिठाची चक्की टाकायची होती. पण मुलगा वाईट नव्हता. त्यानेच तोड काढली होती.

"चार माणसांत एका गवळणीचे डोये काढा, बाबा. निघाले त भट्टी राहीन. नाही निघाले त चक्की."

"घरी काऊन नाही?"

"घरी तुम्ही कुंचला धुऊन ठेवता. तिथं घड्याळ राहीन."

अध्यक्ष जानराव वकिलांनी गजराचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि वेळेचं महत्त्व या विषयावर इतका वेळ बोलले, की स्पर्धा उशिरा सुरू झाली. सतरंजीवर तुळशीरामच्या डाव्या हाताला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मंजुळाबाई बसल्या होत्या. त्यांनी आधी गवळणीला पदर काढला, म्हणजे तिच्याकडे नीट बघता येईल.

तुळशीरामचा हात सफाईने चालला. हिरवं लुगडं, लाल चोळी, पिवळा काठ. डोक्यावरच्या घागरीला दोन पट्टे. इंद्रभान भिंतीशी उभा राहून पाहत होता. लुगड्याच्या निऱ्या झाल्या, पाटल्या झाल्या, आणि तुळशीरामने गवळण अलगद डावीकडे सरकवली. उजवा हात पुढची बाहुली घ्यायला हवेत गेला.

हवेत काही नव्हतं.

"अहो, ही तुमची," मंजुळाबाई म्हणाल्या. "माझी माझ्याजवळ आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "काय बे, डोये काढाले बाई ठेवली काय?"

लोक हसले. इंद्रभान तेवढा खाली बघायला लागला.

"चुकलं, बाई," तुळशीराम म्हणाला. त्याने गवळण परत ओढली, कुंचला काजळीत बुडवला आणि धरून बसला. काजळी कुंचल्यावर वाळली. त्याने पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली. मग गजर झाला.

परीक्षण जानरावांकडे होतं. वकील असल्याने त्यांना कशावरही मत देता येई. ते एकेक गवळण उचलत तुळशीरामच्या गवळणीपाशी थांबले आणि गंभीर झाले.

"हे आधुनिक आहे," ते म्हणाले. "डोळे नाकारलेली स्त्री! आपल्या समाजावर केवढं भाष्य! पहिला क्रमांक."

टाळ्या पडल्या. ज्यांना भाष्य कळलं नाही, त्यांनी जास्त वाजवल्या.

"घरी अशा अजून आहेत?" जानरावांनी विचारलं.

"हाव. फळीभर."

"सगळ्या मंडळाला हव्यात. आणि ऐका, डोळे मुळीच काढू नका."

"साहेब, पुरी नाही झाली ते."

"तीच तर गंमत आहे!"

तुळशीरामने गवळण त्यांच्या हातून घेतली, कुंचला ओला केला आणि उभ्या उभ्या दोन डोळे काढले.

"अहो! अहो! काय करून राह्यले तुम्ही?" जानराव ओरडले.

पण ते झालं होतं. भाष्य गेलं. पहिला क्रमांक मंजुळाबाईंना मिळाला. त्यांच्या गवळणीला पापण्यासुद्धा होत्या.

मोटार स्टँडवर तुळशीरामने गवळण उन्हात धरून पाहिली. इंद्रभानने ती हातात घेतली, फिरवली.

"जमलं की, बाबा. भट्टी राहू द्या."

"नीट पाह्य."

"पाह्यलं ना. चांगले हायेत डोये."

"एक जालन्याकडे पाहून राह्यला, एक खामगावाकडे," तुळशीराम म्हणाला. "तुही माय असती त तिनं मले पाटावरून उठवलं असतं."

"लोकाले नाही समजत इतकं."

"मले समजते ना." त्याने गवळण धोतराच्या सोग्यात गुंडाळली. "चक्की टाक."

"मले नाही टाकाची आता."

"टाक बे. दयण एकट्या माणसाले जमते."

गाडी आली का ते पाहायला इंद्रभान उगाचच रस्त्यापर्यंत गेला, आणि बराच वेळ तिकडेच पाहत उभा राहिला.