आखाजीच्या दिवशीचे दाखले

सत्राअखेरचं सूचनापत्रक मीच लिहिलं होतं, हे आधी कबूल करून टाकतो. खाली सही मुख्याध्यापक टिपणीस सरांची होती, पण त्यांनी ते वाचलेलं नव्हतं. समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर ते सही करत आणि सही करताना छताकडे बघत. कागदावर विश्वास हवा, असं त्यांचं म्हणणं असे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्या मराठी प्राथमिक शाळेत दोन कपाटांचं ग्रंथालय सांभाळत होतो. अक्षर बरं आणि कोणाला नाही म्हणायचा धीर नाही, त्यामुळे लिखापढीची कामं आपोआप माझ्याकडे आली. प्लेगचं वर्ष सरून पंचाण्णवचा एप्रिल आला होता. प्लेगात निम्मी शाळा गावी पळाली, याचा राग व्यवस्थापक समितीच्या मनातून गेला नव्हता. तेव्हा शहराबाहेर पळालेल्यांत समितीचे तीन सभासदही होते, पण ते मोटारीने गेल्यामुळे त्यांचं स्थलांतर झालं होतं.

पत्रकात चौदा सूचना होत्या. ग्रंथालयाची पुस्तकं परत करावीत, सुटीत रोज एक पान शुद्धलेखन काढावं, मुलांना उन्हात हिंडू देऊ नये. ही शेवटची सूचना मी एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरांना केली होती. आणि अकरावी अशी:

‘इयत्ता चौथीचे शाळा सोडल्याचे दाखले दिनांक २ मे रोजी अक्षय्य तृतीयेच्या शुभमुहूर्तावर समारंभपूर्वक प्रदान करण्यात येतील. पाल्याच्या वडिलांनी स्वतः उपस्थित राहणे अनिवार्य आहे. अनुपस्थितांचे दाखले १२ जूननंतरच मिळतील. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’

मुहूर्त समितीचा, समारंभ सरांचा. शेवटचं वाक्य मात्र कोणी सांगितलं नव्हतं. परिच्छेद लंगडा वाटत होता, म्हणून मी ते जोडलं.

पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या दारात एक बाई उभी राहिली. चौथीतल्या ज्योतीची आई, वत्सला. नवरा हिलाल लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, रात्रपाळीला आणि ती घरी साड्यांना टिकल्या लावणारी. बोलायला सुरुवात तिने शाळेच्या मराठीत केली.

“गुरुजी, हा कागद तुम्ही लिहिला म्हणे?”

“हो. का? काही चुकलं का?”

“पोरीनं घडाघडा वाचला. सगळी चाळ ऐकायला बसली होती. कोणाला काही समजलं नाही. शेजारचे भाऊ म्हणाले, कोर्टाचा असंल.”

मी चष्मा पुसला.

“पण तारीख समजली,” ती म्हणाली, आणि आता तिचं शाळेचं मराठी संपून घरची बोली सुरू झाली. “दोन तारीखले तं आखाजी शे, गुरुजी! त्या दिनले कोन ऱ्हास सुरतमा? शेठबी खातं बंद ठेवस. आनि तुम्ही म्हंतस, बापनी येवाले पाहिजे?”

मी तीस वर्षं सुरतेत काढली होती. आखाजीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या, आधी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीतून मुलं टाकावी लागतात, सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी ‘शुभमुहूर्तावर’ लिहिलं. आमच्या घरी त्या दिवशी आमरस होतो, तेवढंच माझं डोकं चाललं असावं.

“मग तुम्ही कधी निघणार?”

“एकोणतीसला,” ती पुन्हा शाळेच्या मराठीवर आली. “येणार वीस तारखेला. आणि पुढच्या शाळेत पाचवीची नावं दहा मेपर्यंतच घेतात. दाखला नसला तर नाव नाही. ज्योतीचे बाबा म्हणतात, दाखला भेटला नाही तर तिला गावीच ठेवू. दिराचं बाळ आहे लहान. सांभाळायला होईल.”

ज्योतीने त्या वर्षी माझ्या दोन्ही कपाटांतलं वाचण्यासारखं सगळं वाचून टाकलं होतं. न वाचण्यासारखंही.

मी सरांकडे गेलो. जाताना तीन वाक्यं पाठ केली होती, दारात पोचेपर्यंत एक उरलं.

“सर, दाखले जरा आधी देता आले तर…”

“काका,” सर हसून म्हणाले, “तुमचंच वाक्य आहे. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. समितीच्या अध्यक्षांना इतकं आवडलं, दोनदा वाचून दाखवलं त्यांनी.”

“पण त्या दिवशी कोणी येणार नाही.”

“म्हणजेच अनास्था! हीच तर मोडायची आहे आपल्याला. मांडववाल्याला शंभर खुर्च्या सांगितल्यात.”

तेवढ्यात शिपाई धुडकू चहा घेऊन आला. धुडकू अमळनेरकडचा. त्याने कप ठेवला आणि विचारलं, “सायेब, मनी रजा पक्की ना? आखाजीनी?”

“केली ना परवाच मंजूर,” सर म्हणाले.

म्हणजे दाखल्यांच्या कपाटाची किल्ली आणि शिक्का ज्याच्या ताब्यात, तोच समारंभाला नसणार होता. त्या रजेच्या अर्जावरही सरांनी छताकडे बघतच सही केली असणार. टेबलाशी उभा असताना ती न वाचता केलेली सही माझ्या डोक्यात घोळत राहिली.

दाखले मीच भरत होतो. सत्तावीस तारखेला सकाळी मी ते सगळे सह्यांसाठी सरांपुढे ठेवले. गठ्ठ्याच्या मधोमध एक जादा कागद होता. त्यावर फक्त दोन ओळी होत्या. चार वेळा लिहून फाडल्यावर त्या इतक्या लहान झाल्या होत्या. ‘चौथीचे दाखले आजपासून रोज मिळतील. आई आली तरी चालेल.’

सर सह्या करत होते, वर पंखा फिरत होता. मधला कागद आला तेव्हा माझे कान तापले. आता मी पकडला जाणार. खरं सांगायचं तर पकडलं जावं असंही थोडं वाटलं, म्हणजे निर्णय माझ्यावर राहिला नसता.

“पंख्याला तेल घालायला हवं,” सर म्हणाले आणि सही करून पुढचा कागद ओढला.

धुडकूने तो कागद फाटकावर चिकटवला, एकदा वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “हाई समजनं, काका.” मग तो सायकल घेऊन चाळींकडे सांगत सुटला.

दुपारी, सर घरी गेल्यावर, रांग लागली. सगळ्या आयाच. वत्सला तिसरी होती. तिने दाखला उलटसुलट पाहिला आणि माझ्यापुढे धरला. “यात काय लिहिलंय?”

“ज्योती हिलाल पाटील. चौथी पास. वर्तणूक चांगली.”

“वडील पाहिजे, असं कुठं नाही ना?”

“नाही.”

ती थेट पुढच्या शाळेत गेली. संध्याकाळी ज्योती पुस्तक परत करायला आली. नाव लागलं होतं. ‘अ’ तुकडी.

दोन मेला समारंभ झाला. शंभर खुर्च्या होत्या, बसलेले पाच जण होते. सर, अध्यक्ष, अध्यक्षांच्या पत्नी, मांडववाला आणि मी. दाखल्यांचं कपाट उघडलंच नाही, कारण किल्ली अमळनेरला होती. पालकांच्या अनास्थेवर अध्यक्ष पाऊण तास बोलले. माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्च्यांना ते चांगलंच लागलं असावं.

परतताना सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काका, जूनच्या पत्रकात अनास्थेवर एक परिच्छेद घाला. कडक.”

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही.

जूनचं पत्रक तीन ओळींचं झालं. शाळा कधी उघडणार, किती वाजता, आणि आखाजीला शाळेचं कुठलंही काम ठेवलं जाणार नाही. सरांनी सही केली. पंख्याला तोवर तेल घातलं होतं, तरी ते वरच बघत होते.