गंज न चढलेली चार बोटं

सगळ्या उतारांवरून धडधाकट परतलेला दादा चार वर्षांपूर्वी साध्या तापाने गेला. तसा तो काहीच पूर्ण न करण्याबद्दल घरात प्रसिद्ध होता. पोहणं, गिटार, दाढी, सगळं अर्धवट. आयुष्यही त्याच धोरणात बसलं. डोंगरात चालवायची त्याची सायकल तेव्हापासून धाकट्या बहिणीच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात भिंतीला टेकून होती. आज दुपारच्या उताराच्या शर्यतीसाठी ती त्याच्या लेकीला, सतरा वर्षांच्या टिकलीला, हवी होती.

"आत्या, पुढच्या शॉकअपचा गंज तेवढा काढून दे. बाकी मी बघते."

"बाकी म्हणजे दात आणि गुडघे. तेही शेवटी मीच बघणार."

आत्याने अॅल्युमिनियमचा कागद व्हिनेगरमध्ये बुडवला आणि शॉकअपच्या दोन्ही नळ्या घासायला घेतल्या. गंजाने पाडलेल्या खड्ड्यांत नेलपॉलिशचा थेंब सोडायचा, वाळला की घासून सपाट करायचा. नाहीतर खड्ड्याची धार आतलं रबर कापते आणि तेल गळतं. टिकलीने पर्समधून गुलाबी काढून दिलं.

"बाबांना हा रंग चालला नसता."

"त्याला विचारतंय कोण?" आत्या म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

नळ्यांवर वरपर्यंत गंज होता, पण खालची चार बोटं आरशासारखी लख्ख होती. नळी आतबाहेर सरकत राहिली तरच ती जागा अशी राहते. चार वर्षं भिंतीला टेकलेल्या सायकलीत काहीच सरकायचं कारण नव्हतं.

ती बघत असतानाच शॉकअप हळूच दबला. सवयीचा माणूस बसल्यावर दबतो तसा. बरोबर चार बोटं.

"टिकले, बस बरं जरा."

टिकली बसली आणि शॉकअप पार तळाला टेकला.

"आत्या, मी जाड झाले का गं?"

"नाही. तू डबलसीट आहेस."

टिकली हसली नाही. काही न विचारता ती सीटवर थोडी पुढे सरकली, मागे जागा करून.

आता खरी पंचाईत होती. शॉकअपमध्ये हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. एकटीच्या वजनाची भरली आणि दोघं गेली, तर पहिल्याच दगडावर शॉकअप तळाला आदळून पोरगी हँडलवरून पुढे. दोघांच्या वजनाची भरली आणि दादा मधेच उतरला, तर कडक शॉकअप तिला चेंडूसारखं उडवणार.

टिकलीला हेल्मेट आणायला पिटाळून आत्या रिकाम्या सीटसमोर उकिडवी बसली.

"शेवटपर्यंत बसणारेस का, दादा?"

शॉकअप तसाच दबलेला. त्याच्या भाषेत हे ‘हो’ होतं. लग्नालाही तो असाच हो म्हणाला होता.

"मला तुझा भरवसा नाही. लहानपणी सी-सॉवरून तू मधेच उठलास, पडला कोणाचा दात? माझा." तिने पंप लावला आणि एकट्या टिकलीच्या वजनाची हवा भरली. "उतर. ती एकटी जाईल."

मग कोणीतरी मोठा उसासा सोडावा तसा आवाज करत शॉकअप वर आला.

संध्याकाळी टिकलीचा फोन आला. "आत्या, धड उतरले! सातवी आले. शॉकअप एकदम लोण्यासारखा." मग जरा थांबून, "पण मी पूर्ण उतारभर पुढे सरकूनच बसले होते गं. मागे कोणी आलंच नाही."

"मीच नको म्हटलं," आत्या म्हणाली. तिने फोन ठेवला.

टेबलापलीकडचं हवेवर वरखाली होणारं स्टूल फुस्स करून खाली गेलं.

"चार वर्षं इथेच होतास," आत्या तिकडे न बघता म्हणाली, "आणि त्या नळ्यांवर एक फडका मारता आला नाही?"

स्टूल सावकाश तिच्या दिशेने वळलं.