गिअरमध्ये उभी गाडी

"गाडी थरथरते रे," असं आमचे हे म्हणाले, तेव्हा मुलाने गाडीकडे बघायचं सोडून ह्यांच्या हाताकडे बघितलं. माझं डोकं तिथेच फिरलं. पण तो नुकताच ऑफिसातून दमून आला होता, म्हणून गप्प बसले.

थरथर म्हणजे कशी, तेही ऐका. गाडी ऑटोमॅटिक, क्लचची भानगड नाही. बाबांच्या गुडघ्यांना बरी, म्हणून मुलानेच आग्रहाने घ्यायला लावलेली. पळताना अगदी गुणाची. पण सिग्नलला थांबली, गिअर पडलेला, ह्यांचा पाय ब्रेकवर, की हीव भरल्यासारखी हलायला लागायची. आरसा हलायचा, दाराच्या खणातली पाण्याची बाटली कुरकुरायची, माझी कवळीसुद्धा तोंडातल्या तोंडात वाजायची.

आता हे एखाद्या तिशीतल्या माणसाने सांगितलं असतं तर गाडीला काहीतरी झालंय असं लोक म्हणाले असते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरात नळ गळला तरी आधी त्याचं वय निघतं.

मुलगा एक चक्कर मारून आला. "मस्त आहे गाडी, बाबा. काही हलत नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. पुन्हा मस्त.

मग जावईबापू आले. जावईबापू कुठल्याही यंत्राचं निदान मोबाइलवर करतात. मागे आमचा मिक्सर त्यांनी असाच बरा केला होता, तेव्हापासून तो बंद आहे. त्यांनी आवारातच बॉनेट उघडलं, भर उन्हात बॅटरीचा उजेड पाडला, इंजिन सुरू करून कान लावला. "एकदम स्मूथ आहे हो, आई," म्हणाले. चहा घेतला, गेले.

शेवटी गाडी गॅरेजला नेली. गॅरेज कसलं, दवाखानाच तो. सोफे, काचा, टाय लावलेला माणूस. त्याने गाडीला यंत्र जोडलं. यंत्र म्हणालं, दोष नाही. टायवाल्याने गाडी स्वच्छ धुऊन परत पाठवली. आजार सापडला नाही की आंघोळ घालत असावेत.

म्हणजे गाडी निर्दोष सुटली. उरले आमचे हे.

लेकीने फोनवर पायाच्या कंपाचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. रविवारी सगळे जमले, आणि इतकं गोड बोलायला लागले की मला धडकीच भरली. "बाबा, काळजी वाटते म्हणून सांगतोय." "बाबा, या वयात होतं असं." शेवटी मुलाने मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतल्याचं सांगितलं आणि तोवर म्हणून गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली. तीसुद्धा इतक्या हळुवारपणे, की ह्यांनीच त्याला "थँक यू" म्हटलं.

लोकांना वाटेल, चावीच ती, एवढं काय? अहो, ह्या माणसाने ऑफिसात जन्मभर साहेबांची मर्जी सांभाळली आणि घरात माझी. ह्यांचं काय चालायचं ते त्या एका सीटवर. मला बहिणीकडे सोडायला निघाले की हे गुणगुणायचे. बेसूर, पण गुणगुणायचे. चावी गेली आणि ते बंद झालं. सकाळी खाली जाऊन गाडी फडक्याने पुसायची आणि वर येऊन खिडकीतून तिच्याकडे बघत बसायचं, एवढाच उद्योग उरला. मला बघवत नव्हतं.

एके दिवशी मला म्हणाले, "अगं, खरंच माझाच पाय हलत असेल का?"

"तुमचा पाय हलला तर माझी कवळी कशाला वाजेल?" मी ओरडलेच. "काहीतरीच आपलं!"

आणि मी कंबर कसली. डोळे तपासायचेत असा बहाणा करून मुलाला म्हटलं, चल, मला घेऊन. त्याच्या शेजारी बसले. पहिला सिग्नल आला, तशी चिरंजीवांनी गाडी न्यूट्रलला टाकली.

"हे काय केलंस?"

"न्यूट्रल केली. पेट्रोल वाचतं, आई. मी नेहमीच करतो."

असं वाचवलेलं पेट्रोल हा घरात कुठे साठवतो ते मी अजून शोधते आहे. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचे हे सिग्नलला कध्धी गिअर काढत नाहीत. हिरवा झाला की पहिली गाडी आपली निघाली पाहिजे, हा ह्यांचा जन्माचा हट्ट. आणि या शहाण्यांनी गाडी हरतऱ्हेने तपासली, फक्त बाबा उभी करतात तशी कुणी उभी केली नाही. हा न्यूट्रलला, जावईबापू आवारात गिअर न टाकताच, टायवालाही तसाच.

पुढच्या सिग्नलला त्याचा हात दांड्याकडे गेला, तसा मी फटका मारला. "हात मागे! गिअर राहू दे. ब्रेक दाबून बस."

गाडी हलायला लागली. बाटली कुरकुरली. मुलाचा चष्मा नाकावर नाचायला लागला.

"आता सांग," मी म्हटलं, "कुणाचा पाय हलतोय?"

त्याने चष्मा नाकावर दाबून धरला. मागचे हॉर्न मारायला लागले, मारू देत. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांनाही हात केला.

टायवाल्याला आता नीट सांगितल्यावर त्याला लगेच सापडलं. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यावर टेकलेलं असतं, तो फाटला होता. गिअर टाकून अडवून धरलं की इंजिन जोर लावतं, ठोकळ्याला तो सोसत नाही, मग सगळी गाडी थरथरते. न्यूट्रलला जोर सुटला की गप्प. नवा ठोकळा बसवला. "मला वाटलंच होतं," मुलगा म्हणाला. माफी कुणी मागितली नाही. जावईबापूंनी रबरी ठोकळ्यांवरचा एक व्हिडिओ तेवढा पाठवला. डॉक्टरांची वेळ मात्र मी स्वतः फोन करून रद्द केली, चांगल्या ठसक्यात.

चावी मिळाली त्याच दिवशी आम्ही बहिणीकडे निघालो. हे गुणगुणत होते. सिग्नल आला. गिअर तसाच, पाय ब्रेकवर. गाडी ढिम्म. बाटली गप्प, आरसा गप्प, माझी कवळी गप्प. "बघा, जिरवली की नाही सगळ्यांची!" असं म्हणायला मी ह्यांच्याकडे वळले.

ह्यांच्या पँटचं कापड गुडघ्यावर हलत होतं. बारीक, पण एकसारखं. आजवर गाडीच्या थरथरीत ते लपून गेलं होतं. आता लपायला जागाच राहिली नव्हती. गुणगुणणं थांबलं. हे माझ्याकडेच बघत होते.

"अजून जराशी हलतेय गाडी," हे म्हणाले. "नाही?"

"हलतेय तर," मी म्हटलं. "चांगलीच हलतेय."

सिग्नल हिरवा झाला. शेजारच्या सगळ्या गाड्या पुढे गेल्या, मग आम्ही निघालो. बहिणीकडे न जाता हळूहळू घरी आलो. हे उतरले आणि चावी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "या गाडीचा भरवसा नाही. डॉक्टरांकडे आपण दोघंच जाऊ. टॅक्सीने."

"जाऊ," मी म्हटलं. "लबाड मेली गाडी."

संध्याकाळी मुलाने विचारलं, चावी तुझ्याकडे कशी?

"गाडी हलते."

"आई, नवा ठोकळा बसवलाय!"

"तरी हलते."

तो गाडी घेऊन गेला. गिअर टाकून, ब्रेक दाबून, अगदी मी शिकवलं तशी उभी करून आला. "अगं, अजिबात हलत नाही! बाबांना पुन्हा..."

"बाबांचं नाव काढायचं नाही," मी इतक्या जोरात ओरडले की तो दचकलाच. "तुला गाडीतलं काय कळतं? उद्या गॅरेजला टाक."

गाडी आता गॅरेजात आहे. टायवाल्याला काही सापडत नाहीये, रोज फोन करून सांगतो बिचारा. मी त्याला बजावून ठेवलंय, दोष सापडल्याशिवाय गाडी घरी पाठवायची नाही.