‘रेअरली’ची जागा

“आय वॉश ऑलवेज माय हँड्स,” मावशी म्हणाली.

“ऑलवेज आधी, आई. मग वॉश,” भाजी चिरता चिरता सून म्हणाली.

मावशी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या यंत्रावर होती. तिथे सगळे तिला मावशीच म्हणत. ऑलवेज म्हणजे नेहमी, समटाइम्स म्हणजे कधीकधी, नेव्हर म्हणजे कधीच नाही, एवढं तिला जमलं होतं. ‘रेअरली’ला, म्हणजे क्वचितला, मात्र जीभ वळत नव्हती. सून मुलांच्या शिकवण्या घ्यायची, पण असा हट्टी विद्यार्थी तिला भेटला नव्हता. या वयात एवढी घाई कशाला, असं तिने हसत विचारलं, तेव्हा मावशीने सगळं सांगून टाकलं.

गेल्या आठवड्यात मावशीच्या जोडीदारणीचा, जिला सगळे ठेंगणी म्हणत तिचा, उजवा हात तापलेल्या रोलरखाली गेला होता. रोलरपुढे एक जाळी असते. तिला नुसता हात लागला तरी यंत्र थांबतं. पण त्यामुळे काम तुंबतं, म्हणून सुपरवायझर जाळी वर करून तारेने बांधून ठेवायचा. अपघात झाल्यावर त्याने आधी तार सोडली, मग डॉक्टरांना बोलावलं.

आता यंत्र बनवणाऱ्या कंपनीची तपासनीस बाई उद्या येणार होती, आणि तिला फक्त इंग्रजी कळत होतं. सुपरवायझरने मावशीला बजावून ठेवलं होतं, की जाळीचं विचारलं तर एकच शब्द बोलायचा, ऑलवेज. बाकी तो सांभाळून घेईल. पुढच्या महिन्यात मावशी कायम होणार आहे, याचीही त्याने जाता जाता आठवण करून दिली. जाळी नेहमी लावलेली असेल, तर ती ठेंगणीनेच वर केली असं होऊन चूक तिची ठरणार होती.

सुनेने सुरी खाली ठेवली. मावशीच्या मुलाचं काम सुटल्यापासून घर जवळजवळ तिच्याच नोकरीवर चाललं होतं. तिने चिरलेली भाजी पातेल्यात टाकली आणि हात पुसले.

“आई, ‘इज’ असेल तर रेअरली त्याच्या नंतर येतं,” सून शेवटी म्हणाली. “गार्ड म्हणजे जाळी. गार्ड इज रेअरली क्लोज्ड. म्हणा.”

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाईने यंत्र वाकून वाकून पाहिलं आणि मावशीला समोर बसवलं. सुपरवायझर मावशीच्या खुर्चीमागे उभा राहिला. बाईने सावकाश विचारलं, हाऊ ऑफन इज द गार्ड क्लोज्ड?

“ऑलवेज,” सुपरवायझर मागून पुटपुटला.

“गार्ड इज...” मावशी थांबली. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. “रेअरली क्लोज्ड.”

सुपरवायझर हसला आणि भराभर इंग्रजीत काही बोलला. अडाणी आहे, शब्दांची गल्लत होते, असंच काहीतरी असणार. बाईने त्याला बाहेर जायला सांगितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मावशीने तेच उत्तर दिलं, या वेळी न थांबता.

मग बाईने विचारलं, तिने कधी तक्रार केली होती का. कम्प्लेन हा शब्द मावशीला कळला. सुपरवायझरची भीती वाटायची, नोकरी पक्की नव्हती, मुलगा घरी बसला होता, असं खूप काही तिच्या मनात आलं. पण ते सगळं मराठीत होतं.

“नेव्हर,” ती म्हणाली.

ठेंगणीची चूक नव्हती असं ठरलं. तिच्या उपचारांचा खर्च हॉस्पिटलने उचलला, तिची नोकरीही राहिली, सुपरवायझरची बदली झाली. मावशीला कायम केलं नाही. महिनाअखेर तिला यायचं थांबवलं.

शेवटच्या दिवशी ती वॉर्डात गेली आणि घडलं ते सगळं तिने ठेंगणीला सांगितलं, ‘नेव्हर’सुद्धा.

“मी तरी कुठे बोलले होते?” ठेंगणी म्हणाली.

तिला तहान लागली होती. तिने डावा हात स्टुलावरच्या पेल्याकडे नेला. मावशीचा हात चटकन पुढे झाला, आणि तिने तो मागे घेतला; डाव्या हाताची सवय ठेंगणीला करायलाच हवी होती. पेला डुगडुगला, थोडं पाणी चादरीवर सांडलं. ठेंगणीने पाणी संपवून पेला जागेवर ठेवेपर्यंत मावशी खिडकीबाहेर बघत बसली.