संध्याकाळी ती काय करते

परीक्षकांनी रेकॉर्डर सुरू केला, तसे त्याने मांडीवरचे हात टेबलाखाली आणखी आत सरकवले. सकाळी दोनदा साबण लावूनही नखांच्या कडेचं ग्रीस निघालं नव्हतं.

"तुम्ही काय काम करता?" परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो," तोही इंग्रजीतच म्हणाला आणि थांबला.

परीक्षक वाट पाहत राहिले. त्यांची दिवसातली ही कितवी मुलाखत होती कोण जाणे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"काम आवडतं तुम्हाला?"

"हो."

शब्द तोंडातून सुटताच त्याला चूक कळली. याच 'हो'ने मागच्या दोन्ही वेळा घात केला होता. ऐकणं, वाचणं, लिहिणं, सगळ्यांत तो काठावर का होईना, पार व्हायचा. बोलण्यापाशी आलं की घोडं पेंड खायचं.

बायको साडेतीन वर्षं परदेशात होती, एका वृद्धाश्रमात कामाला. तिच्याकडे राहायला जायचं तर ही इंग्रजीची परीक्षा पास होणं भाग होतं. तो ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळायचा, तिथल्या सातव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. त्या दर रविवारी त्याला तासभर शिकवत आणि शेवटी कपाळाला हात लावत.

"अहो, एका शब्दावर कसले गुण देणार ते? आधी उत्तर, मग कारण, मग एखादा प्रसंग. बोलायला काय पैसे पडतात?"

"सवय नाही, बाई. आमच्या कामात एक जण वर असतो, एक खाली. जास्त बोललं की भलतंच बटण दाबलं जातं."

"आणि घरी?"

त्याने वहीचं पान उलटलं होतं.

घरी तरी काय वेगळं होतं? बायकोचा रोज फोन यायचा. जेवलात? हो, तू? जेवले. काम? चाललंय. बरं, ठेवते. दोघंही दमलेली असायची. भांडण म्हणून कधी नव्हतं. एवढ्या लांब राहूनही दोघांचं किती गुण्यागोविंदाने चाललंय, असं शेजारी म्हणायचे.

परीक्षक अजून त्याच्याकडे पाहत होते.

"कारण लिफ्ट बंद पडली की माणसं घाबरतात," त्याने शब्द जुळवत पुढे रेटलं. "मागच्या महिन्यात एक आजोबा आत अडकले. वीस मिनिटं मी दाराबाहेरून त्यांच्याशी बोलत होतो."

"काय बोललात?"

"आजोबाच बोलत होते. मी हो म्हणत होतो."

परीक्षकांच्या ओठांची कड किंचित हलली. त्यांनी एक कार्ड पुढे सरकवलं. जवळच्या एका माणसाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं: ती व्यक्ती कोण, काम काय करते, मोकळ्या वेळात काय करते. विचार करायला एक मिनिट. त्याने कोऱ्या कागदावर 'बायको' एवढंच लिहिलं आणि उरलेला वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला.

सुरुवात बरी झाली. ती म्हाताऱ्या माणसांना उठवते, आंघोळ घालते, भरवते. सहाला तिची ड्यूटी संपते. तिथून पुढे वाक्यच सापडेना.

"संध्याकाळी ती..." तो म्हणाला. "मला माहीत नाही."

परीक्षकांनी पेन उचललं. तो थांबला नाही.

"साडेतीन वर्षांत मी कधी विचारलं नाही. मी विचारतो, जेवलीस का. ती हो म्हणते. टीव्ही बघत असेल. नुसती बसून राहत असेल. इथे असताना स्वयंपाक करता करता ती गुणगुणायची. आता गुणगुणते का, माहीत नाही. तिच्या खोलीला खिडकी आहे का, तेही माहीत नाही."

इंग्रजीतल्या काळांची सगळी सरमिसळ झाली होती. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, पण परीक्षकांनी त्याला अडवलं नाही. तो गप्प झाल्यावर ते हळूच "थँक यू" म्हणाले आणि थोड्या वेळाने त्यांनी रेकॉर्डर बंद केला.

बाहेर येऊन तो पायरीवर बसला. आज तिला सुट्टी होती. दुसऱ्याच रिंगला तिने फोन उचलला.

"कसं झालं?"

"बोललो."

"किती?"

"पुष्कळ. तुझ्याबद्दल." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझ्या खोलीला खिडकी आहे का गं?"

फोन कट झाला की काय म्हणून त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

"आहे," ती म्हणाली. "समोर भिंत आहे."

"मग संध्याकाळी काय करतेस?"

"बसमध्ये बसते. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते आणि त्याच बसने परत येते. बसमध्ये निदान माणसं असतात. ड्रायव्हर ओळखतात आता. एकाने परवा विचारलं, कुणी हरवलंय का तुमचं?"

हातात कागद धरून एक मुलगी पुटपुटत पायऱ्या चढून आत गेली.

"अहो," ती म्हणाली, "तुमची एवढी धडपड चाललेली, म्हणून मी गप्प बसले. दर वेळी तुम्ही नापास झालात की मला... जाऊ दे."

"सांग."

"बरं वाटायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची. मला इथे नाही राहायचं. फार दमलेय मी."

निकालाला अजून तेरा दिवस होते. त्याच्या मनात आलं, या वेळी पास होणार आपण. तो उठून उभा राहिला. मग पुन्हा खाली बसला.

"ये," तो म्हणाला.