लॉर्न हॅलिडेची पाठ

लॉर्न हॅलिडेने पडद्यावर सात राजे, तीन सेनापती आणि एक प्रेषित केला. त्यातल्या प्रत्येकाची पाठ माझी होती. घोडा उधळायचा असला, रथ उलटायचा असला, तटावरून उडी मारायची असली, की लॉर्न सावलीत खुर्ची टाकून गार सरबत प्यायचा आणि त्याचा झगा माझ्या अंगावर चढायचा. उडी झाली की तो उठून यायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, "कसा दिसलो रे मी, पिकेट?"

"झकास, साहेब," मी तोंडातली माती थुंकत म्हणायचो.

अठरा वर्षं हेच चाललं. मी ओक्लाहोमाचा, घोड्यांच्या खेळांत वाढलेला. उंची आणि खांदे हुबेहूब त्याच्यासारखे, चेहरा मात्र देवाने घाईघाईत उरकलेला. बावन्न साली शर्यतीच्या दृश्यात रथाचा दांडा मोडला आणि दोन घोडे माझ्या अंगावर आले. डावा खुबा मोडला. अकरा आठवडे मी प्लास्टरमध्ये होतो. लॉर्न बघायला फिरकला नाही. स्टुडिओचा प्रसिद्धीवाला तेवढा आला, कागद घेऊन. तोंड बंद ठेवलं तर नोकरी राहील, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली. सिनेमाच्या पहिल्या खेळाला लॉर्न काठी टेकत, लंगडत लाल गालिच्यावरून चालला आणि 'जोखमीची कामं मी दुसऱ्यावर ढकलत नाही' असं पत्रकारांना सांगून आला. त्याचे फोटो मी पलंगावर पडून पाहिले. लंगडत होता तोही उजव्या पायाने.

नंतर लोकांना मुकुटांचा कंटाळा आला. घरोघरी टीव्ही आला, राजे अडगळीत गेले. चार वर्षं लॉर्नला कोणी विचारलं नाही. मी काउबॉयच्या सिनेमांतल्या मारामाऱ्यांत घोड्यावरून पडत राहिलो. पडणाऱ्या माणसाला सिनेमाच्या या गावात मरण नाही. आणि सहासष्टच्या मार्चमध्ये लॉर्नचा फोन आला.

"पिकेट, उद्या सकाळी सातला गाडी घेऊन ये. एका भूमिकेसाठी माझी टेस्ट आहे, कॅमेऱ्यासमोर."

त्याची दृष्टी अधू झाली होती, गाडी चालवणं सुटलं होतं, आणि नोकर कधीच सोडून गेले होते. मी गेलो. का गेलो, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तो फाटकातच उभा होता. केस ताजे रंगवलेले, कानामागे काळा डाग राहिलेला. तीन आठवडे नुसती उकडलेली अंडी खाऊन त्याने पोट आत घेतलं होतं.

"म्हातारा सम्राट आहे," गाडीत बसता बसता तो म्हणाला. "मुलाच्या हाती राज्य देतो आणि मरतो. बारा पानांचं मरण आहे, पिकेट! असं मरण मला कोणी दिलं नव्हतं."

"आणि नाही मिळालं तर?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तर मग माझ्याकडे काही नाही रे," तो साधेपणाने म्हणाला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

स्टुडिओतल्या नऊ नंबरच्या सेटवर पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी मी जमिनीकडे बघितलं. आमच्या धंद्यात माणसं सांगत नाहीत ते जमीन सांगते. चिकटपट्टीच्या दोन खुणा होत्या. एक दूर, सगळे दिवे तिच्यावर रोखलेले. दुसरी कॅमेऱ्याच्या नाकाशी. ज्याची टेस्ट असते त्याचा चेहरा दिव्यांत असतो. जो कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, त्याला नुसती समोरची वाक्यं वाचायला बोलावलेलं असतं. हे स्टुडिओतल्या मांजरालाही ठाऊक असतं. पण लॉर्नची शेवटची टेस्ट अडतीस साली झाली होती. त्यानंतर त्याला कुणी तपासलं नव्हतं, आणि कॅमेऱ्याला त्याने कधी पाठ दाखवली नव्हती. त्यासाठी मी होतो.

कपडेपटाची मेबल त्याला झगा घालून आली आणि मला कोपराने ढोसून म्हणाली, "अरे, सांग ना त्याला. तुझा माणूस आहे."

"तू सांग."

"माझ्या तोंडात टाचण्या आहेत, बाबा."

मला सांगता आलं असतं. चक्कर आल्याचं सोंग करून तिथूनच परत नेता आलं असतं. नेलं नाही, कारण मला बघायचं होतं.

लॉर्न झगा सावरत थेट दिव्यांतल्या खुणेवर जाऊन उभा राहिला. तिथे टॉड नावाचा एक देखणा नवा नट आधीच उभा होता. तो अवघडून म्हणाला, "सर, ही माझी जागा आहे."

"बाळा," लॉर्न हसला, "माझी जागा लोक मला झाडून देतात."

दिग्दर्शक सॅक्सन कापडी बूट घालून फिरणारा, तिशीतला. तो घड्याळ बघत म्हणाला, "लॉर्न, तुम्ही इकडे या, कॅमेऱ्याजवळ. टेस्ट टॉडची आहे, मुलाच्या भूमिकेसाठी. तुम्ही फक्त सम्राटाची वाक्यं द्यायची."

"आणि सम्राट कोण करतोय?"

"इंग्लंडहून बोलावलाय एकाला. तुमच्या एजंटने सांगितलं नाही?"

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. लॉर्नने गळ्याशी झग्याचा पट्टा घट्ट केला, सावकाश चालत कॅमेऱ्यासमोर आला आणि पाठ करून उभा राहिला. "सम्राटाची पाठही सम्राटाचीच असते," तो म्हणाला. ही त्याची लाख मोलाची हिंमत होती, हे मी कबूल करतो.

सॅक्सनने भिंगातून बघितलं आणि च्च केलं. "खांदे फार पडलेत हो. टॉडसमोर पहाड पाहिजे. पूर्वी तुमची पाठ काय होती! तो रथ हाकतानाचा शॉट, मी शाळेत असताना चारदा बघितला."

 लॉर्नने माझ्याकडे बघितलं. फक्त गप्प राहा, एवढंच मागत होता. चौदा वर्षं मी तेच केलं होतं.

"ती पाठ माझी होती," मी म्हणालो.

सॅक्सनने मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, मग उलटं फिरायला सांगितलं. "अरे वा! मेबल, झगा याला घाल. लॉर्न, तुम्ही त्या स्टुलावर बसून वाचा. आवाज तुमचा, बाकी हा."

मेबलने त्याच्या अंगावरचा झगा उतरवला. आत तो पांढऱ्या बनियनमध्ये होता, पोटाला रुंद पट्टा आवळलेला. टॉडने नजर दुसरीकडे वळवली. मी वळवली नाही. झगा अजून त्याच्या घामाने ओला होता.

लॉर्न वाचू लागला. "बाळा, हे राज्य घे. माझे हात थकले." तिथे त्याचा आवाज फुटला आणि बराच वेळ त्याला पुढचं वाक्य सापडेना. टॉड खरोखर रडला.

"कट! कमाल!" सॅक्सन ओरडला. "टॉड, काय डोळे आहेत रे तुझे!"

सगळे टॉडभोवती जमले. लॉर्न स्टुलावरून उठला, संवादांची पानं नीट एकसारखी केली आणि माझ्याजवळ आला. ओठांवर तेच जुनं हसू आणायचा प्रयत्न करत होता.

"कसा दिसलो रे मी, पिकेट?"

त्याला काय हवं होतं, ते मला नीट कळलं होतं. एक शब्द. तो मी अठरा वर्षं फुकट दिला होता.

"तुम्ही दिसलाच नाहीत, साहेब," मी म्हणालो.

मेबलने तोंडातल्या टाचण्या हातावर काढल्या. "मेल्या, एवढं बोलायची काय गरज होती?"

"होती."

त्याला घरी सोडायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच सोडलं. तो पुढे बसला नाही, मागच्या सीटवर बसला. वाटेत आरशात मला त्याच्या रंगवलेल्या केसांचा शेंडा तेवढा दिसत होता. फाटकाशी उतरला तेव्हा त्याने गाडीचं दार लोटलं, पण ते नीट लागलं नाही, आणि तो न बघता आत गेला. बोलून टाकल्यावर आपल्याला बरं वाटेल, असं मला चौदा वर्षं वाटत आलं होतं. वाटलं बरं. अजूनही वाटतं.