आम्हाला काही कमी नाही

गावाच्या टोकाला सरकारने नव्या खोल्या बांधल्या होत्या. भाडं नावापुरतं, दाराला उंबरठा नाही, न्हाणीघरात धरायला दांडा आणि दिवसभर हाकेला धावून येणारी मदतनीस बाई. ज्यांचं एकट्याने निभत नाही अशांसाठी ही सोय. बाकीच्या खोल्या भरल्या, एकच उरली, आणि तिच्यावर शिवणवालीचा डोळा होता.

ती आणि तिचा थोरला भाऊ सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत. दादाने उभं आयुष्य ट्रक चालवला, मग अर्धांगाचा झटका येऊन उजवं अंग लुळं पडलं. ती सकाळी शिवणाच्या कारखान्यात जाताना दाराला बाहेरून कडी घालायची, नाहीतर तो जिन्यावरून गडगडला असता. एकदा पलंगावरून पडला तो संध्याकाळी ती येईपर्यंत तसाच. वर तिलाच म्हणतो, "फरशी गार होती, बरं वाटलं." तेव्हापासून मशीनवर बसली तरी तिचं अर्धं लक्ष त्या कडीत अडकलेलं असायचं.

पाहणीला माणसं येणार असा निरोप आला. आता घरी कुणी येणार म्हटल्यावर माणूस काय करतो? घर आवरतो. त्यातून ही दोघं जन्माची भाडेकरू. आजवर जेवढे घरमालक भेटले त्या सगळ्यांना एकच काळजी, ही माणसं त्रास तर देणार नाहीत ना? तेव्हा खोली हवी असेल तर आपण कसे नीटनेटके, कसे बिनतक्रार, ते दाखवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण ते त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार?

तिने रबरी चादर आणि शौचाचं भांडं शेजारी नेऊन ठेवलं, सायकलवाल्याकडून दोन खुर्च्या मागून आणल्या. दादा तर तिच्याही वरचढ. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आठवडाभर तो रोज संध्याकाळी तिच्या खांद्याला धरून पलंगापासून दारापर्यंत चालायचा सराव करत होता. आलेल्या माणसांना पडल्या पडल्या भेटायचं म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. तिलाही बरं वाटत होतं. भाऊ पुन्हा पायावर उभा राहिलेला कुणाला नको असतो?

पाहणीवाल्या बाई एका सहकाऱ्याला घेऊन धापा टाकत जिना चढल्या. दादाने पलंग सोडला, काठी टेकत, पाय ओढत दारापर्यंत आला आणि डावा हात पुढे करून म्हणाला, "या, बसा." घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण पाठ भिंतीकडे होती.

हे खाली कसे उतरतात, असं बाईंनी विचारलं. जिन्यात उभा असलेला सायकलवाला लगेच म्हणाला, "मी आहे ना. पाठीवर घेतो. शेजारी कशाला असतात?" खरं तर एकदाच, डॉक्टरकडे न्यायला त्याने पाठीवर घेतलं होतं, आणि नंतर स्वतःच कंबर धरून बसला होता.

मग बाईंनी तिलाच विचारलं, "अडचण काय आहे तुमची? मोकळेपणाने सांगा."

कडी, फरशी, सगळं तिच्या ओठांवर आलं. समोर दादा इस्त्रीच्या शर्टात उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. "तशी काही अडचण नाही," ती म्हणाली. "आम्हाला काही कमी नाही." इतक्या दारांत म्हटलेलं वाक्य, ते आपसूकच निघालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती कुणापुढे उघडायची असते, हे मात्र कुणी शिकवत नाही.

खोली धान्याच्या व्यापाऱ्याच्या सासूबाईंना मिळाली. व्यापाऱ्याचं घर दुमजली, पण पाहणीच्या दिवशी म्हातारीचा पलंग गोदामात पोत्यांच्या आड हलवला होता. कुणाला काय दाखवायचं ते व्यापाऱ्याला बरोबर कळतं. कार्यालयात शिवणवालीने बाईंपुढे सगळं खरंखरं ओकलं, पण दैव देतं आणि कर्म नेतं, तशी वेळ निघून गेली होती. बाई काही वाईट नव्हत्या, चीड त्याचीच येते. तुमचा भाऊ किती हिमतीचा, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी येऊन तिने कडी काढली. कधी जायचं, दादाने विचारलं. तिने काय झालं ते सांगितलं. "तब्येत आणखी खालावली तर पुन्हा कळवा म्हणाल्या."

तो तोंडाच्या चालत्या बाजूने हसला. "एवढंच ना? ते जमेल मला."

त्या दिवसापासून त्याने काठीला हात लावला नाही. आणि तिनेही त्याला एकदासुद्धा ऊठ म्हटलं नाही.